नवोदितांचे मोल आणि वेतनमर्यादा : अमेरिकी फुटबॉल व आयपीएल यांच्या करारनियमांची चिकित्सा

प्रस्तावना

संघाच्या एकूण वेतनखर्चावर कमाल मर्यादा घालणे आणि नव्याने दाखल होणाऱ्या खेळाडूचे वेतन आधीच ठरवून टाकणे, या दोन नियमांचा उल्लेख व्यावसायिक खेळांच्या चर्चेत बहुधा एकत्रच होतो. दोहोंचे समर्थनही एकाच शब्दात केले जाते : समतोल. श्रीमंत मालकाने सारे गुणी खेळाडू आपल्याकडे ओढून नेऊ नयेत, स्पर्धा चुरशीची राहावी, प्रेक्षक टिकावा, असा हा युक्तिवाद आहे. वेतनमर्यादेपुरता तो बराचसा मान्य करता येतो. परंतु एकूण खर्चाला मर्यादा घातल्यानंतर त्या मर्यादेच्या आत नवोदिताला किती आणि अनुभवी खेळाडूला किती, हा प्रश्न समतोलाचा उरत नाही. तो वाटपाचा होतो. समतोलाच्या नावाखाली वाटपाचा हा प्रश्न झाकला जातो, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे. त्या दृष्टीने अमेरिकेतील व्यावसायिक फुटबॉल आणि भारतातील इंडियन प्रीमियर लीग (यापुढे आयपीएल) यांच्या करारनियमांची चिकित्सा प्रस्तुत लेखात केली आहे.

येथे फुटबॉल म्हणजे आपल्याकडे खेळला जाणारा फुटबॉल नव्हे, तर अमेरिकेच्या नॅशनल फुटबॉल लीगमध्ये (एनएफएल) लांबट चेंडूने खेळला जाणारा खेळ अभिप्रेत आहे. नवोदितांच्या कराराचे सर्वांत तपशीलवार नियम तेथे तयार झाले. आपल्याकडील त्याचे सर्वांत जवळचे उदाहरण मात्र मैदानी फुटबॉलमध्ये सापडत नाही, ते क्रिकेटमध्ये सापडते; आणि त्यासाठी ठाणे जिल्ह्याबाहेर जाण्याचीही गरज पडत नाही.

अमेरिकी फुटबॉलमधील व्यवस्था

एनएफएलमध्ये वेतनमर्यादा १९९४ साली लागू झाली. २०२३ च्या हंगामात ती प्रत्येक संघासाठी २२ कोटी ४८ लाख डॉलर होती, तर २०२५ मध्ये ती २७ कोटी ९२ लाख डॉलरवर गेली. हा आकडा संघमालकांच्या मर्जीने ठरत नाही. लीगच्या एकूण उत्पन्नातील खेळाडूंचा हिस्सा मालक आणि खेळाडू संघटना यांच्यातील सामूहिक कराराने निश्चित केलेला असतो आणि मर्यादा त्यावरून काढली जाते. २०२० च्या करारानुसार हा हिस्सा किमान ४८ टक्के आहे. उत्पन्न वाढले की मर्यादा वाढते. पुढील विवेचनात या एका गोष्टीला फार महत्त्व आहे.

नवोदितांचा नियम यापेक्षा बराच नंतरचा. महाविद्यालयीन फुटबॉलमधून येणाऱ्या खेळाडूंची निवड दरवर्षी सात फेऱ्यांच्या ‘ड्राफ्ट’द्वारे होते. आदल्या हंगामात सर्वांत वाईट कामगिरी केलेल्या संघाला सर्वसाधारणपणे पहिली निवड मिळते. ज्या संघाने निवडले, वाटाघाट केवळ त्याच्याशीच करता येते. २०१० पर्यंत निदान रकमेच्या बाबतीत तरी घासाघीस चालत असे. त्या वर्षी पहिल्या क्रमांकाने निवडल्या गेलेल्या सॅम ब्रॅडफर्डने सेंट लुईसच्या संघाशी सहा वर्षांसाठी ७ कोटी ८० लाख डॉलरचा करार केला आणि त्यातील ५ कोटी डॉलर हमखास मिळणारे होते. एकही व्यावसायिक सामना न खेळलेल्या तरुणाला इतकी रक्कम मिळते हे पाहून मालक तर अस्वस्थ झालेच, पण दहा-दहा वर्षे अंग मोडून घेतलेले जुने खेळाडूही नाराज झाले.

२०११ च्या टाळेबंदीनंतर झालेल्या सामूहिक करारात या नाराजीचे रूपांतर नियमात झाले. निवडीच्या प्रत्येक क्रमांकासाठी रक्कम जवळजवळ ठरून गेली. निवडलेल्या खेळाडूचा करार चार वर्षांचा असेल, पहिल्या फेरीतील खेळाडूला पाचव्या वर्षासाठी थांबवून घेण्याचा अधिकार संघाला असेल आणि तीन हंगाम पूर्ण होईपर्यंत करारावर फेरविचार करता येणार नाही, अशी चौकट आखली गेली. त्याच वर्षी पहिल्या क्रमांकाने निवडलेल्या कॅम न्यूटनचा चार वर्षांचा करार सुमारे २ कोटी २० लाख डॉलरचा झाला. एका वर्षात किंमत एवढी कोसळली ती न्यूटन कमी गुणवत्तेचा होता म्हणून नव्हे. तो नंतर लीगचा सर्वोत्कृष्ट खेळाडू ठरला. जी रक्कम २०१० मध्ये नवोदिताला मिळत होती ती आता दुसरीकडे वळली, एवढाच या घसरणीचा अर्थ.

ही रक्कम वळते कशी, हे ब्रॉक पर्डी याच्या उदाहरणावरून स्पष्ट होते. २०२२ च्या ड्राफ्टमध्ये तो २६२ वा, म्हणजे अगदी शेवटचा निवडला गेलेला खेळाडू. २०२३ च्या हंगामात तो सॅन फ्रान्सिस्को संघाचा मुख्य क्वार्टरबॅक होता, आणि हा संघ त्या हंगामात अंतिम सामन्यापर्यंत पोहोचला. त्याचे त्या वर्षीचे वेतन होते ८ लाख ७० हजार डॉलर, म्हणजे संघाच्या वेतनमर्यादेच्या ०.३९ टक्के. मैदानावरच्या सर्वांत महत्त्वाच्या जागेसाठी अर्धा टक्काही खर्च न झाल्यामुळे उरलेल्या रकमेत संघाला इतर नामांकित खेळाडू बाळगता आले. यशस्वी संघ घडवू पाहणाऱ्या व्यवस्थापकाच्या दृष्टीने स्वस्त नवोदित ही सर्वांत मोलाची मालमत्ता ठरते ती अशी. त्याच्या श्रमाचे मूल्य आणि त्याचे वेतन यांतील फरकावर संघ उभा राहतो.

मात्र पर्डीची गोष्ट येथे थांबत नाही. कमी वेतन असूनही अधिक वेळ मैदानावर राहणाऱ्या खेळाडूंसाठी एनएफएलमध्ये स्वतंत्र निधी आहे. त्यातून त्याला त्या हंगामासाठी सुमारे ७ लाख ४० हजार डॉलर जादा मिळाले. तिसरा हंगाम संपल्यावर, नियमाने दार उघडताच, मे २०२५ मध्ये त्याने पाच वर्षांसाठी २६ कोटी ५० लाख डॉलरचा करार केला. प्रवेशाचा दर पडेल असला तरी बाहेर पडण्याची तारीख पहिल्या दिवसापासून ठाऊक होती. ही व्यवस्था न्याय्य आहे असे यावरून म्हणता येणार नाही. या खेळात अनेकांची कारकीर्द चार वर्षेही टिकत नाही. त्यांच्या वाट्याला पडेल दर येतो आणि दार उघडण्याआधीच गुडघा जातो. तरीही ही व्यवस्था कोणीतरी कोणाशीतरी बोलून ठरवलेली आहे, आणि तिच्यात मुदत आहे.

आयपीएलची पहिली सहा वर्षे

आयपीएल सुरू झाली ती खुल्या लिलावाचा गाजावाजा करीत. २००८ च्या पहिल्या लिलावात प्रत्येक संघाला ५० लाख डॉलरची मर्यादा होती. त्यातील १५ लाख डॉलर चेन्नईने एकट्या महेंद्रसिंह धोनीवर खर्च केले. त्याच सुमारास एकोणीस वर्षांखालील विश्वचषक जिंकून आलेल्या मुलांना मात्र या लिलावाच्या मंडपात प्रवेश नव्हता. त्यांच्यासाठी अमेरिकी पद्धतीचा वेगळा ड्राफ्ट झाला आणि रक्कमही आधीच ठरवून दिली गेली. त्या संघाचा कर्णधार विराट कोहली ३० हजार डॉलरला बेंगळुरूकडे गेला. धोनीच्या तुलनेत हे प्रमाण पन्नासास एक असे होते. धोनी तेव्हा भारताचा कर्णधार होता आणि कोहली कोवळा, म्हणून तफावत असणारच. परंतु ती लिलावात ठरली नाही, नियमाने ठरवली, हे ध्यानात घेतले पाहिजे.

आंतरराष्ट्रीय सामना न खेळलेल्या, म्हणजे वृत्तपत्रांच्या भाषेत ‘अनकॅप्ड’, भारतीय खेळाडूंना पुढेही लिलावाबाहेरच ठेवण्यात आले. देशांतर्गत क्रिकेटमध्ये किती हंगाम झाले यावरून १० लाख, २० लाख आणि ३० लाख रुपये असे तीन टप्पे ठरले. डोंबिवलीत वाढलेला अजिंक्य रहाणे ऑगस्ट २०११ मध्ये इंग्लंडविरुद्ध भारताकडून पहिला सामना खेळला. तोपर्यंत तोही याच वर्गात मोडत होता. कर्तृत्वाशी या टप्प्यांचा संबंध नव्हता. सरकारी नोकरीतील ज्येष्ठता यादीसारखा हा प्रकार होता, फरक इतकाच की सरकारी नोकरीत पुढची वेतनवाढ कधी येणार हे माहीत असते.

या चौकटीबाहेर पाऊल टाकणाऱ्यांचे काय झाले, याची दोन उदाहरणे नोंदलेली आहेत. राजस्थानकडून २००८ चे विजेतेपद मिळवणाऱ्या रवींद्र जडेजाला दुसऱ्या संघाशी परस्पर बोलणी केल्याच्या कारणावरून २०१० चा संपूर्ण हंगाम बाहेर बसावे लागले. २००९ मध्ये आयपीएलमधील भारतीयाचे पहिले शतक झळकावणाऱ्या मनीष पांडेला २०११ मध्ये ठरलेल्या मर्यादेपेक्षा अधिक रकमेसाठी वाटाघाट केल्याबद्दल पहिले चार सामने निलंबित करण्यात आले. नियम मोडला म्हणून शिक्षा, यात तांत्रिकदृष्ट्या वावगे काही नाही. परंतु वीस-एकवीस वर्षांच्या मुलाने आपल्या कामाचे अधिक पैसे मागणे हा ज्या व्यवस्थेत अपराध ठरतो, त्या व्यवस्थेचा पाया तपासून पाहणे हे समीक्षकाचे कामच आहे.

ही तपासणी २०१४ च्या लिलावाने आपोआप करून दिली. त्या वर्षी अनकॅप्ड खेळाडू प्रथमच खुल्या लिलावात आले. कर्ण शर्माला हैदराबादने ३ कोटी ७५ लाख रुपयांना घेतले. आदल्या वर्षीपर्यंत या वर्गातील सर्वोच्च टप्पा ३० लाखांचा होता. बाजाराने एका फटक्यात त्याच्या साडेबारापट किंमत लावली. अर्थशास्त्रात प्रयोगशाळा नसते असे म्हणतात. येथे ती सहज लाभली होती. वेतनमर्यादा कायम ठेवून नवोदितांवरचे बंधन तेवढे उठवले गेले, आणि स्पर्धेचा समतोल त्यामुळे कोसळला असे काही दिसले नाही. तो सांभाळण्याचे काम मुळात वेतनमर्यादाच करीत होती. नवोदितांचा ठरीव दर केवळ पैशाची दिशा बदलत होता.

वीस लाखांची तीन वर्षे

ठरीव टप्पे गेले म्हणून प्रश्न सुटला, असे मात्र नाही. त्याने रूप बदलले. कल्याणचा वेगवान गोलंदाज तुषार देशपांडे याचा करार या दृष्टीने अभ्यासण्यासारखा आहे. २०२२ च्या मोठ्या लिलावात चेन्नईने त्याला २० लाख रुपयांना, म्हणजे तेव्हाच्या किमान किमतीला घेतले. २०२३ च्या हंगामात त्याने २१ बळी मिळवले आणि चेन्नईने विजेतेपद पटकावले. त्या वर्षी संघाची मर्यादा ९५ कोटी रुपये होती. विजेत्या संघाचा हा प्रमुख गोलंदाज त्या रकमेच्या ०.२१ टक्क्यात खेळत होता. पर्डीच्या ०.३९ टक्क्यांशी हा आकडा ताडून पाहावा. ज्या अमेरिकी व्यवस्थेला आपण कठोर म्हटले तिच्यापेक्षाही हे प्रमाण निम्म्याच्या आसपास आहे.

२०२४ च्या हंगामातही किंमत तीच राहिली. जुलै २०२४ मध्ये तो झिम्बाब्वेविरुद्ध भारताकडून खेळला आणि नोव्हेंबर २०२४ मध्ये जेद्दा येथील लिलावात राजस्थानने त्याच्यासाठी ६ कोटी ५० लाख रुपये मोजले. वीस लाखांची ही साडेबत्तीसपट. हे मूल्य नोव्हेंबरच्या त्या एका दुपारी निर्माण झाले, असे कोणी म्हणणार नाही. २०२३ च्या उन्हाळ्यात ते मैदानावर दिसत होते, मात्र लिलावाचे तीन वर्षांचे चक्र पूर्ण होईपर्यंत त्याचे पैसे मागण्याची सोय खेळाडूकडे नव्हती. उलट बाजूने संघाला ती सोय होती. दर हंगामाअखेर खेळाडूला मोकळे करण्याचा अधिकार संघाकडे असतो. कामगिरी घसरली तर संघ करारातून बाहेर पडतो, कामगिरी उंचावली तर खेळाडू करारात अडकून राहतो. या एकतर्फीपणात नवोदिताच्या कराराचे सारे मर्म आहे.

कोल्हापूर जिल्ह्याच्या चंदगड तालुक्यातील कबड्डीपटू सिद्धार्थ देसाई याचे उदाहरण नेमके याच्या उलट आहे. २०१८ मध्ये प्रो कबड्डीच्या सहाव्या हंगामासाठी यू मुंबाने त्याला ३६ लाख ४० हजारांना घेतले. पहिल्याच हंगामात त्याने चढायांत दोनशेहून अधिक गुण मिळवले. पुढच्याच वर्षी तो पुन्हा लिलावात आला आणि तेलुगू टायटन्सने त्याला १ कोटी ४५ लाखांना घेतले. प्रो कबड्डीतही ‘न्यू यंग प्लेअर’ या नावाचा, लिलावाबाहेरून येणाऱ्या तरुणांचा स्वतंत्र वर्ग आहे आणि त्याचे स्वतःचे प्रश्न आहेत. परंतु देसाईच्या बाबतीत किंमत दुरुस्त व्हायला एक वर्ष पुरले. देशपांडेच्या बाबतीत तिसरा हंगाम संपावा लागला. दोघांच्या गुणवत्तेत नव्हे, तर कराराच्या मुदतीत हा फरक आहे.

यावर नेहमी येणारा आक्षेप असा की, दोन महिन्यांच्या खेळाचे वीस लाख म्हणजे कमी कसे? वर्तकनगर किंवा लोकमान्यनगरातून सकाळी भली मोठी किट खांद्यावर टाकून ठाणे स्टेशन गाठणारी आणि तेथून आझाद मैदानाकडे किंवा शिवाजी पार्ककडे जाणारी मुले पाहिली, त्यांच्या घरांचे उत्पन्न ध्यानात घेतले, की हा आक्षेप मनाला पटतो. वर्गात हा विषय निघाला की वाणिज्य शाखेचे विद्यार्थीही हेच विचारतात. पण यात दोन गोष्टींची गल्लत होते. रक्कम मोठी आहे की लहान हे आपल्या पगाराशी ताडून ठरवले जाते. वाटा न्याय्य आहे की नाही हे त्या व्यवसायाच्या उत्पन्नाशी ताडूनच ठरवावे लागते. शिवाय वीस लाखांपर्यंत पोहोचलेल्या एकामागे न पोहोचलेले शेकडो असतात, आणि पोहोचलेल्याची कारकीर्दही खांद्याच्या एका दुखापतीने संपू शकते.

महाराष्ट्राला नवोदिताचा ठरीव करार अपरिचित नाही. सन २००० पासून राज्यात शिक्षणसेवक योजना आहे. नव्याने लागलेल्या शिक्षकाला तीन वर्षे वेतनश्रेणी न देता ठरीव मानधन द्यायचे, अशी तिची रचना. हे मानधन दीर्घकाळ प्राथमिकसाठी ६ हजार, माध्यमिकसाठी ८ हजार आणि उच्च माध्यमिकसाठी ९ हजार होते. २०२३ मध्ये ते अनुक्रमे १६, १८ आणि २० हजार झाले. नवोदिताने आधी सोसावे, मग त्याला पूर्ण दाम मिळेल, हाच येथील विचार. त्यावर पुष्कळ टीका झाली आणि ती रास्तही होती. तरी तीन वर्षांनंतर वेतनश्रेणी लागू होते, हे त्या शिक्षकाला रुजू होतानाच ठाऊक असते. (महाविद्यालयांत तासिका तत्त्वावर वर्षानुवर्षे शिकवणाऱ्यांना तेवढीही खात्री नाही, पण तो वेगळ्या लेखाचा विषय आहे.)

कायद्याची बाजू

खेळाडूच्या वाटाघाटीवर असे बंधन घालणे कायद्यात बसते काय? इंग्लंडमधील फुटबॉलमध्ये आठवड्याला २० पौंडांची कमाल वेतनमर्यादा होती. ती जानेवारी १९६१ मध्ये खेळाडूंनी संपाचा इशारा दिल्यावर रद्द झाली. करार संपल्यानंतरही खेळाडूला अडकवून ठेवण्याची ‘रिटेन अँड ट्रान्स्फर’ पद्धत १९६३ मध्ये जॉर्ज ईस्टहॅम याच्या खटल्यात व्यवसायावरील अवाजवी निर्बंध ठरली. अमेरिकेत मात्र मॉरिस क्लॅरेट या विद्यार्थी खेळाडूने एनएफएलच्या प्रवेशनियमाला आव्हान दिले तेव्हा २००४ मध्ये अपील न्यायालयाने निकाल लीगच्या बाजूने दिला. लीग आणि खेळाडू संघटना यांच्यातील सामूहिक संबंधांच्या चौकटीत येणाऱ्या अशा अटींना स्पर्धा कायद्याखाली हात लावता येत नाही, हे त्याचे कारण. क्लॅरेट त्या संघटनेचा सदस्य नव्हता. ज्यांच्यावर नियम लादला जातो ते वाटाघाटीच्या खोलीत नसतात, हा दोष अमेरिकेतही आहेच. तरी खोली आहे, आणि आज आत असलेले अनेक जण काल नवोदित होते.

आपल्याकडे १८७२ च्या भारतीय करार कायद्याचे कलम २७ व्यवसायावर निर्बंध घालणारा करार निरर्थक ठरवते. या कलमाचा खेळाडूसंबंधीचा सर्वांत महत्त्वाचा निकाल श्रीरामपूरच्या झहीर खानशी निगडित आहे. त्याच्या जाहिरातींचे व्यवस्थापन करणाऱ्या परसेप्ट डी’मार्क या कंपनीच्या करारात, मुदत संपल्यानंतरही दुसऱ्याचा प्रस्ताव आधी आपल्यापुढे ठेवला जावा आणि तेवढीच रक्कम देऊन करार करण्याची पहिली संधी आपल्याला मिळावी, अशी अट होती. सर्वोच्च न्यायालयाने मार्च २००६ मध्ये ती कलम २७ च्या कचाट्यात येते असे ठरवले. आयपीएलमधील ‘राइट टू मॅच’ या तरतुदीकडे हा निकाल समोर ठेवून पाहावे. २०१४ व २०१८ मध्ये असलेली आणि २०२४ मध्ये परत आलेली ही तरतूद जुन्या संघाला, करार संपलेल्या खेळाडूवर दुसऱ्याने लावलेली बोली तेवढीच रक्कम देऊन स्वतःकडे वळवू देते. लिलावात उतरताना खेळाडू नियम मान्य करतो, त्यामुळे दोन्ही गोष्टी तंतोतंत एक नाहीत. तथापि त्यांचे कूळ एक आहे, हे नाकारता येणार नाही.

भारतीय क्रिकेट नियामक मंडळाला अमेरिकी लीगसारखे सामूहिक कराराचे कवच नाही, कारण सामूहिक करारच नाही. लोढा समितीच्या शिफारशींनंतर २०१९ मध्ये इंडियन क्रिकेटर्स असोसिएशन स्थापन झाली, परंतु ती निवृत्त खेळाडूंची संघटना आहे. खेळत असलेल्या, त्यातही अनकॅप्ड खेळाडूच्या वतीने बोलणारे अधिकृत कोणीही नाही. असे कवच नसतानाही नियम टिकून आहेत, याचे कारण कायद्यात शोधण्यापेक्षा व्यवहारात शोधावे. वीस लाखांचा खेळाडू ज्या मंडळाच्या निवड समितीकडे भारताच्या संघासाठी आशेने पाहतो, त्याच मंडळाला न्यायालयात खेचणार नाही.

वाटा कोणाचा, किती

आयपीएलच्या प्रक्षेपणहक्कांतून २०१८ ते २०२२ या पाच वर्षांत १६,३४७.५ कोटी रुपये मिळाले, म्हणजे वर्षाला सरासरी सुमारे ३,२७० कोटी. २०१८ मध्ये आठ संघांची प्रत्येकी ८० कोटींची मर्यादा धरली तर वेतनाची कमाल बेरीज ६४० कोटी होते, म्हणजे सरासरी वार्षिक हक्करकमेच्या साडेएकोणीस टक्के. २०२३ ते २०२७ साठी हेच हक्क ४८,३९० कोटींना गेले. वार्षिक सरासरी ९,६७८ कोटींवर, जवळपास तिपटीवर पोहोचली. संघाची मर्यादा मात्र २०२२ च्या ९० कोटींवरून २०२३ मध्ये ९५ कोटी झाली. दहा संघांची बेरीज ९५० कोटी, म्हणजे पावणेदहा टक्क्यांच्या आसपास. तिकिटे, पुरस्कर्ते यांचे उत्पन्न या हिशेबात धरलेले नाही. ते धरले तर टक्केवारी आणखी खाली जाईल. देशपांडेने २१ बळी घेतले ते नेमके याच वर्षी.

एनएफएलमध्ये उत्पन्न वाढले की मर्यादा आपोआप वाढते, असे वर म्हटले. आयपीएलमध्ये ती वाढवायची की नाही आणि किती, हे मंडळ ठरवते. २०२५ पासून लिलावाची मर्यादा १२० कोटी आणि सामन्यांचे मानधन व कामगिरीवेतन धरून एकूण मर्यादा १४६ कोटी झाली. २०२६ साठी १५१ आणि २०२७ साठी १५७ कोटी ठरली. तरीही २०२५ चा हिस्सा हक्करकमेच्या १५ टक्क्यांच्या जवळपास भरतो. समतोलासाठी सर्व संघांना समान मर्यादा हवी, हे मान्य. ती मर्यादा इतकी खाली असावी, असा काही समतोलाचा नियम नाही.

मर्यादा अपुरी असली की तिच्या आत नवोदित आणि प्रस्थापित यांची ओढाताण सुरू होते, आणि मग वर्गवारीचाही वापर होतो. पाच वर्षे आंतरराष्ट्रीय सामना न खेळलेला भारतीय खेळाडू अनकॅप्ड समजावा, हा नियम २०२४ मध्ये पुन्हा आणला गेला. त्याचा लाभ घेऊन चेन्नईने धोनीला ४ कोटींत कायम ठेवले. भारताला विश्वचषक जिंकून देणारा त्रेचाळीस वर्षांचा माजी कर्णधार नवोदितांसाठी असलेल्या वर्गात जाऊन बसला. यात विनोद आहे खरा, परंतु संघाच्या दृष्टीने हा कोट्यवधींच्या बचतीचा हिशेब होता.

दुसऱ्या टोकाला डिसेंबर २०२५ चा अबू धाबी येथील लिलाव आहे. प्रशांत वीर आणि कार्तिक शर्मा या दोन अनकॅप्ड खेळाडूंना चेन्नईने प्रत्येकी १४ कोटी २० लाखांना घेतले. ३० लाखांच्या किमान किमतीची ही सत्तेचाळीसपट. तेव्हा नवोदितांना आता काय कमी आहे, असे कोणी म्हणेल. लिलावात दोन संघांचे हात एकाच वेळी वर राहिले की किंमत आकाशाला भिडते, एक हात आधी खाली आला की ती ३० लाखांवर थांबते. गुणवत्तेत इतके अंतर असेलच असे नाही. ठरीव टप्प्यांनी नवोदिताला ज्येष्ठता यादीत बसवले होते, लिलावाने त्याला सोडतीत बसवले. कामगिरीनुसार वाढणारे वेतन दोन्ही पद्धतींत नव्हते.

या पार्श्वभूमीवर २०२५ पासून सुरू झालेले सामन्यागणिक साडेसात लाखांचे मानधन ही, प्रस्तुत लेखकाच्या मते, आयपीएलच्या वेतनरचनेतील आजवरची सर्वांत अर्थपूर्ण सुधारणा आहे. साखळीतील सर्व १४ सामने खेळणाऱ्याला १ कोटी ५ लाख रुपये अधिक मिळतात. १८ कोटींच्या खेळाडूला ही सहा टक्क्यांचीही भर नाही. ३० लाखांच्या खेळाडूचे उत्पन्न मात्र साडेचारपट होते. अशी तरतूद २०२३ मध्ये असती तर देशपांडेला केवळ साखळी सामन्यांतून कराराच्या पाचपटीहून अधिक रक्कम मिळाली असती. एनएफएलच्या कामगिरी निधीशी हिचे नाते उघड आहे, आणि ते उसने घेण्यात कमीपणा नाही.

तिच्यातही एक फट आहे. मानधन अंतिम अकरांत असणाऱ्यांना आणि ‘इम्पॅक्ट’ म्हणून उतरणाऱ्याला मिळते, राखीव बसणाऱ्याला नाही. नवोदितांपैकी बरेच जण हंगामभर राखीवच बसतात. त्यांच्यासाठी कर्णधाराने सकाळी काढलेली संघाची यादी हीच वेतनचिठ्ठी ठरते, आणि एखाद्या तरुणाने बोटाची दुखापत लपवून मैदानात उतरण्याचा मोह यातून वाढू शकतो. राखीव खेळाडूला मानधनाचा निदान काही अंश द्यावा, आणि किमान किमतीला घेतलेल्या खेळाडूने ठराविक सामने पूर्ण केल्यावर पुढील हंगामापूर्वी त्याला कराराचा फेरविचार किंवा लिलावात परतण्याची मुभा असावी, या दोन तरतुदी वेतनमर्यादेला धक्का न लावता करता येतील. सध्याच्या मर्यादा २०२७ च्या हंगामापर्यंतच ठरलेल्या आहेत आणि प्रक्षेपणहक्कांची मुदतही त्याच वर्षी संपते. पुढच्या पाच वर्षांचे आकडे ठरतील तेव्हा मंडळ असेल, संघमालक असतील, प्रक्षेपण कंपन्या असतील. किमान किमतीला खेळणाऱ्या खेळाडूच्या वतीने तेथे कोण असेल, हे अद्याप कोणत्याही नियमात लिहिलेले नाही.